खिळ्यांचं शिसं

मी नांदायला ठाण्यास आले तेव्हा सासरी नेमकं काय ओततात हे मला ठाऊक नव्हतं. माझे वडील कल्याणास पितळेची भांडी करीत. मुलगा ओतकाम करतो एवढं त्यांनी पाहिलं आणि ओतकामाच्या घरातली मुलगी ओतकामाच्या घरी दिली. पण सासरच्या मागल्या पडवीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तर तिथे ना घंटा, ना समई, ना लोटा. एका सुपात बोटाच्या पेराएवढ्या करड्या काड्या पसरल्या होत्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एक अक्षर होतं, तेही उलटं.

ते छापखान्याचे खिळे होते. एकेक अक्षर जुळवून ज्यांनी पुस्तक छापतात, ते. आमचे हे मुंबईस एका कारखान्यात ते ओतायला शिकले होते आणि सासरे वारल्यावर आईला एकटं ठेवू नये म्हणून ठाण्यास परतले होते. गावात तेव्हा छापखाने निघू लागले होते. शाळांची पुस्तकं, कोर्टाचे कागद, पंचांगं, सगळ्यांना खिळे लागत आणि दर वेळी मुंबईहून आणणं परवडत नसे. म्हणून पडवीत एक शेगडी, एक लोखंडी कढई, दोन साचे आणि अक्षरं उमटवलेल्या तांब्याच्या ठशांची एक पेटी, एवढ्यावर ह्यांचा कारखाना चालला होता. घरात माणसं तीन. हे, मी आणि सासूबाई.

ह्यांचं नाव मी तेव्हाही कधी घेतलं नाही आणि आता लिहितानाही घेणार नाही.

खिळ्यांना नुसतं शिसं चालत नाही. ते मऊ. यंत्राखाली चार दिवसांत अक्षर चेपतं. त्यात कथील घालावं लागतं म्हणजे रस साच्यात कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, आणि सुरम्याचा धातू घालावा लागतो म्हणजे खिळा कडक होतो. सुरमा जास्त झाला तर खिळा कडक होतो पण ठिसूळही होतो आणि आपल्या अक्षरांवरचे रफार नि मात्रा पहिल्याच फटक्याला उडून जातात. हे सगळं नवं विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. आम्ही मोडीवर, म्हणजे जुन्या भंगारावर, चालत होतो. छापखान्यांतले झिजलेले खिळे, कोलशेतच्या कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांचं वजन, चहाच्या पेट्यांत आतून लावतात ती शिशाची पानं, चांदमारीच्या मातीतून उकरून काढलेल्या बंदुकीच्या गोळ्या, कल्याणच्या आगगाडीच्या आवारातून लिलावात निघालेलं काहीबाही. दिसायला सगळं सारखंच, राखेच्या रंगाचं. कढईत टाकण्याआधी कशात काय आहे हे ओळखणं, हेच ह्यांचं खरं कसब होतं.

ते त्यांनी मला हळूहळू शिकवलं. सुरुवातीला गंमत म्हणून. दुपारी सासूबाई लवंडल्या की मी पडवीच्या उंबऱ्याशी बसे आणि हे एकेक तुकडा माझ्यापुढे टाकत.

"हे काय?"

मी तुकडा फरशीवर टाकून आवाज ऐके. निव्वळ शिसं ओल्या मातीसारखं पडतं, आवाजच करीत नाही. सुरमा असलेलं थोडं वाजतं. मग नख. शिशात नख रुततं, जुन्या खिळ्यात रुतत नाही. मग कागद. शिसं कागदावर पेन्सिलीसारखी काळी रेघ ओढतं, कडक धातू पुसट ओढतो किंवा ओढतच नाही. कथील वाकवलं तर आतून कुरकुरतं, दाताखाली वाळूचा कण यावा तसं. माझा कान चांगला होता. कथलाची कुरकुर मला हातभर अंतरावरून ऐकू येई आणि ह्यांना त्याचं फार कौतुक वाटे. अक्षरंही मी तिथेच शिकले, सुपातली उलटी अक्षरं पाहून. पुढे पहिल्यांदा छापलेलं पुस्तक हातात घेतलं तेव्हा ती मला थोडा वेळ चुकीची वाटली होती.

शेवटची परीक्षा ह्यांची स्वतःची होती. ते तुकडा दाढेखाली धरून चावत. दात किती शिरतो, कसा शिरतो, त्यावरून सुरमा किती ते सांगत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी ते चावत असतील. एकदा मी विचारलं, चव कशी लागते? म्हणाले, जराशी गोड.

पहिली काही वर्षं मी सुखात होते असं आज म्हणवत नाही, पण तेव्हा तसंच वाटे.

पहिला गर्भ चौथ्या महिन्यात गेला. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीचं होतं असं कधीकधी. त्यांनी माझं सगळं नीट केलं, तेल लावलं, शेक दिला. दुसरी मुलगी झाली. ती बारशापर्यंत राहिली नाही. तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. त्या टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलल्या आणि आम्ही दोघी कल्याणाहून पुढे जाऊन तो सांगून आलो. तिसरा मुलगा झाला. तो जगला. रांगायला लागला, धरून उभा राहायला लागला. पडवीच्या उंबऱ्याशी जाऊन तो ह्यांच्याकडे हात पसरी आणि हे काम टाकून काळ्या हातांनीच त्याला उचलून घेत. तो फिकट होता, रडका होता, खाल्लेलं पोटात ठरत नसे. पण तो होता. सव्वा वर्षाचा झाला आणि एका सकाळी त्याला आकडी आली. दुपारपर्यंत चार वेळा आली. त्यानंतर आली नाही.

मी त्याच्याविषयी एवढंच लिहिते.

त्यानंतर सासूबाई बोलू लागल्या. ओरडून नव्हे, भांडूनही नव्हे. भाजी निवडताना, देवाची भांडी घासताना, शेजारणींपाशी. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. हिच्या पोटातच काही आहे. कल्याणच्या लोकांनी आमच्यापासून लपवलं. मी ऐकत असे. हे जवळ असले तर म्हणत, "आई, पुरे." मग दोन दिवस पुरे होई.

ह्यांचं पोट दुखायला लागलं ते त्याच सुमारास. कळ आली की ते पाट पोटाशी धरून दुमडून बसत आणि घाम फुटे. वैद्यांनी एरंडेल दिलं, हिंग दिला. चेहरा पांढुरका पडत चालला. आणि मग उजवा हात.

खिळा ओतणारा डाव्या हातात साचा धरतो, उजव्या हाताने पळीतून रस ओततो आणि ओतल्याबरोबर साचा वर झटकतो. तो झटका नीट बसला तरच रस ठशाच्या तळापर्यंत जातो आणि अक्षर भरून येतं. हे दिवसाला हजारांनी झटके देत. आता पळी उचलताना त्यांचं मनगट खाली लोंबू लागलं. थकवा आहे म्हणाले. मीही तेच मानलं.

अशात एका छापखान्याचं मोठं काम आलं. शाळेच्या पहिल्या पुस्तकासाठी मोठ्या अक्षरांचा पूर्ण संच हवा होता. मुलांच्या डोळ्यांना दिसतील अशी ठळक अक्षरं. ह्यांना ते काम फार आवडलं. कित्येक दिवसांनी ते जेवताना बोलले. पण धातू कमी पडत होता. त्यासाठी कल्याणच्या एका मोडवाल्याने विटा आणून दिल्या, शिशाच्या, आधीच वितळवून ओतलेल्या. जुन्या खिळ्यांचंच आहे सगळं, अशी तो शपथ घेत होता. वितळवून विटा केल्या की मूळ वस्तूचा आकार नाहीसा होतो, म्हणून हे विटा कधी घेत नसत. त्या वेळी घेतल्या.

मी तिथेच होते. ह्यांनी एका विटेच्या कडेला नख लावलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाले, "कडक आहे. खिळ्यांचंच आहे."

मोडवाला गेल्यावर मी त्याच जागी नख लावलं. माझं नख सहज आत गेलं. विटेच्या वरच्या अंगाला पांढुरकी, खरखरीत साय होती, तीही मला आवडली नाही.

"अहो, हे मऊ आहे," मी म्हटलं.

"मऊ कसं? मी आत्ता पाहिलं."

"माझं नख जातंय. आणि वर हे काय आहे? बाबांकडे तेजाब असतो. एक थेंब टाकून पाहू. जस्त असलं तर फसफसेल. मी उद्या कल्याणास जाऊन घेऊन येते."

जस्त हा खिळे ओतणाऱ्याचा वैरी. कढईत थोडंसं जरी गेलं तरी रस दाटतो, साच्यात शिरत नाही, आणि एकदा गेलं की आमच्यासारख्याला ते परत काढता येत नाही. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी वीट माझ्या हातातून घेतली, तिचा कोपरा तोंडाशी नेला आणि चावला. मग म्हणाले, "वीस वर्षं मी हेच करतोय. तुझ्या नखाला माझ्यापेक्षा जास्त कळतं?"

ते मला असं कधी बोलले नव्हते. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या विटा कढईत टाकल्या, आमच्याकडे होता नव्हता त्या सगळ्या चांगल्या धातूबरोबर. रसावर साय धरली. त्यांनी ती झाऱ्याने काढली. पुन्हा धरली. पुन्हा काढली. खीर फार आटल्यावर येते तशी ती जाड येत राहिली. पहिले पन्नास खिळे त्यांनी सुपात टाकले आणि मी ते उचलून पाहिले. 'ग'ला काना होता पण पोट नव्हतं. 'श' ओळखू येत नव्हता. मी वडिलांकडून तेजाब आणवला तो उशिरा. उरलेल्या विटेच्या सायीवर थेंब टाकला तर बुडबुडे आले. आगगाडीच्या तारायंत्रात जस्ताच्या पट्ट्या असतात, त्या कुणीतरी शिशाबरोबर वितळवल्या होत्या.

छापखान्याने संच मुंबईहून मागवला.

ह्यांनी शेगडी विझवली, कढई तशीच राहू दिली आणि उंबऱ्याशी येऊन बसले, जिथे मी बसत असे. मी त्यांच्याजवळ एक निव्वळ शिशाचा तुकडा नेला, जाळ्याचं वजन होतं ते, आणि म्हटलं, "ह्याला नख लावा."

त्यांनी लावलं. नख वरवर घसरलं. पुन्हा जोर दिला तर अंगठाच मागे वळला.

तेव्हा आम्हां दोघांना एकदमच कळलं. धातू कडक नव्हता. ह्यांच्या बोटांत जोर उरला नव्हता. आणि बोटांना विटेबद्दल जे वाटलं तेच दातांनाही वाटलं असावं, कारण मन आधीच ठरून गेलं होतं. कित्येक महिने ते प्रत्येक मऊ तुकडा कडक समजत आले होते. हल्लीचे खिळे लवकर चेपतात अशी छापखान्यांची तक्रार येत होती, तिचा उलगडा झाला. ते हाताकडे पाहत राहिले. मनगट गुडघ्यावरून खाली लोंबत होतं आणि ते वर उचलायचा प्रयत्न करीत होते. उचलत नव्हतं.

मग मी हट्टाने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर आपल्यातलेच होते, फारसं वय नव्हतं त्यांचं. त्यांनी हात पाहिला, मग तोंड उघडायला सांगितलं आणि ओठ खाली ओढून उजेडाकडे वळवला. हिरडीच्या कडेने दातांना लागून एक निळी-काळी रेघ होती. मी ती कितीदा पाहिली असेन. मला वाटे, तंबाखूची आहे.

"धंदा काय?" डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तर ऐकल्यावर मान हलवली. शिसं अंगात भिनलं आहे म्हणाले. काम सोडायला हवं. चावणं तर आजपासून बंद. हे औषध घ्यायला बाहेरच्या खिडकीशी गेले तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं.

"मुलं किती?"

"एकही नाही."

"झालीच नाहीत?"

मी सांगितलं. चौथा महिना, बारसं, आकडी. ते लिहीत होते ते थांबले. परक्या बाईशी असं बोलायचा त्यांनाही संकोच होता, म्हणून ते टाकाकडे पाहत बोलले.

"बाई, हे विष घरात येतं. हातांवरून, कपड्यांवरून, धुरातून, राखेतून. पोटातल्या मुलाला आधी लागतं, आणि लहानाला. तुमच्यात खोट आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही."

राखेतून, ते म्हणाले. पडवीतल्या शेगडीची राख बारीक नि मऊ असे. त्यात कढईतून उडालेलं, झाऱ्यातून गळलेलं काय काय असे. तिनेच मी वर्षानुवर्षं घरातली भांडी घाशीत आले होते. माझ्या मुलाच्या दुधाची वाटी मी तिनेच घाशीत असे.

घरी येताना तळ्याच्या काठाने आलो. हे विचारत होते, काय म्हणाले गं तुला? मी म्हटलं, पथ्य सांगितलं. त्यांना सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. ज्या हातांनी त्यांनी त्याला उचलून घेतलं त्या हातांविषयी मी काय सांगणार होते?

पाच-सहा दिवस गेले. मी भांडी घासायला बसले होते. राख मी दवाखान्यातून आल्यापासून शेजारून मागून आणीत होते, पण ते ह्यांना माहीत नव्हतं. हे मागून आले आणि म्हणाले, "पडवीतली राख भांड्यांना लावत जाऊ नकोस. खाडीकडे टाकत जा."

मी मान वर केली. ते दुसरीकडे पाहत होते. औषधाची खिडकी डॉक्टरांच्या खोलीला लागूनच होती, हे मला तेव्हा आठवलं.

मी "बरं" म्हटलं. ह्यापलीकडे आम्ही त्याविषयी कधीही बोललो नाही. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या कुशीविषयी काही बोलू लागल्या की हे "आई, पुरे" म्हणत नसत. उठून बाहेर निघून जात. मला त्याचा राग येई. खरंच येई, पुष्कळ येई. एका वाक्याने त्यांना ते थांबवता आलं असतं. पण त्या वाक्यात त्यांनी आईला काय सांगायचं होतं, हे मनात आणलं की राग टिकत नसे. मग पुन्हा येई.

काम सोडा म्हणणं सोपं होतं. ह्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि आता हातानेही काही येणार नव्हतं. म्हणून धातू पारखायचं मी घेतलं आणि ओतायला ह्यांनी मुंबईहून ओळखीचा एक कारागीर बोलावला. शेगडी अंगणाच्या टोकाला नेली. चावणं मी कधीच केलं नाही. माझी रीत निराळी होती. प्रत्येक नव्या मोडीतला एक तुकडा आधी छोट्या पळीत वेगळा वितळवायचा, दगडावर ओतायचा, थंड झाला की मोडायचा आणि आतला दाणा पाहायचा. चांगल्या खिळ्याच्या धातूचा दाणा बारीक नि करडा असतो. निव्वळ शिसं मोडत नाही, वाकतं. दाणा चकचकीत मोठा दिसला तर थांबायचं आणि तेजाब टाकायचा. एकही वीट तेजाबाशिवाय कढईत गेली नाही. हे शेजारी पाटावर बसून मी मोडलेले तुकडे पाहत. मी विचारी, "बरोबर?" ते म्हणत, "मला काय विचारतेस?" पण ते खूश होत.

असं तीन वर्षं चाललं. त्यांचा हात थोडा सुधारल्यासारखा वाटला, मग डावाही गेला. मी भरवीत असे. पायांवर सूज आली. माघ महिन्यात एके दुपारी, माझ्यासमोर, काही न बोलता ते गेले. कारागिराने साचे नि ठसे विकत घेतले आणि पेटी घेऊन मुंबईस परत गेला.

भाऊ मला न्यायला आला तेव्हा सासूबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांचं दुसरं कुणी नव्हतं. मी भावाला म्हटलं, सासूबाईंनाही घेऊन चल. भावाने माझ्याकडे पाहिलं, कारण ह्या बाईने माझ्याविषयी कल्याणात काय काय पसरवलं होतं ते त्याच्या कानांवर होतं. पण गाडीत त्याने त्यांचं बोचकं आधी ठेवलं.

कल्याणास भावाचं दुकान वाढलं होतं. तो आता भांड्यांना कल्हईही करून देई. कल्हईचं कथील तो बाजारातून आणी आणि एकदा सहज त्याने मला दाखवलं. मी कांब वाकवली. कुरकुर नव्हती. कागदावर ओढली तर काळी रेघ उठली. निम्मं शिसं होतं. ज्या पातेल्यात लोक आमटी नि ताक ठेवणार, त्या पातेल्याच्या आत ते बसणार होतं. मी भावाला ते परत द्यायला लावलं. बातमी आळीत पसरली आणि मग इतर कल्हईवालेही कथील घेण्याआधी माझ्याकडे कांब पाठवू लागले. पुढे घरोघरच्या बायकाही येऊ लागल्या. मी पडद्यामागून हात बाहेर काढून कांब घेई, वाकवी, कानाशी धरी आणि परत देई.

एकदा एक तरुण मुलगी आली. बरोबर कुणी नव्हतं. तिला दिवस गेलेले होते आणि आधीचं एक गेलेलं होतं. घरची सगळी भांडी नव्याने कल्हई करायची म्हणून सासऱ्यांनी कथील आणलं होतं. मी पाहिलं. वाईट होतं. तिला वाटलं, मी उगाच भीती घालते. म्हणाली, दुकानदार ओळखीचा आहे. तेव्हा मी तिला माझ्याजवळ बसवलं आणि डॉक्टरांनी मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. शिसं पोटातल्या मुलाला कसं आधी लागतं. राखेतून, भांड्यांतून, हातांवरून कसं येतं. चौथ्या महिन्यात कसं जातं. जगलंच तर आकडी कशी येते. मी इतकं सगळं एका दमात कुणाला सांगितलं नव्हतं. ती कांब तिथेच टाकून गेली.

मी वळले तर सासूबाई कोपऱ्यात जात्यापाशी बसलेल्या होत्या. दळण थांबलेलं होतं. त्या कधी येऊन बसल्या ते मला कळलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे पण तेच?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"त्या वेळी दवाखान्यात गेलो होतो तेव्हा."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्यांना काय मोजायचं होतं ते मला कळत होतं. दवाखान्यानंतर त्या माझ्याविषयी किती वर्षं, काय काय, कुणापुढे बोलल्या.

"आणि त्याला?" त्यांनी विचारलं. "माझ्या मुलाला माहीत होतं का ग?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना मी सांगितलंच नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी जात्याचा खुंटा धरला. पण दळू शकल्या नाहीत. मी जाऊन समोर बसले आणि खुंट्याला हात लावला, आणि दोघींनी मिळून ते दळण पुरं केलं.

त्यानंतर सासूबाई दोन वर्षं होत्या. माझ्या पोटाविषयी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एरवी मात्र शेवटपर्यंत बोलतच राहिल्या. माझा भात मऊ होतो, मी दिवा लावायला उशीर करते, भावाच्या सुनेला मी डोक्यावर चढवते, असं सगळं.